लहान ब्रेडबोर्डवरील मांडणी

५५५ टायमरचे (ठरावीक वेळाने विद्युत स्पंद देणाऱ्या आठ पायांच्या आयसीचे, म्हणजे चिपचे) सर्किट लहान ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचून जोडण्याच्या छिद्रांच्या पाटीवर, कसे मांडावे, हा तुमचा प्रश्न आहे. सुट्या भागांसाठी निपाणीहून दर वेळी बेळगाव गाठण्यापेक्षा तुमच्याकडील ४०० छिद्रांच्या ब्रेडबोर्डवरच ५५५ टायमरचे सर्किट बसवावे, असे मला वाटते. आधी चौकटीच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक छिद्र धरून आराखडा काढा. आयसीचे पाय मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना खोचल्यास प्रत्येक पायासाठी आतून जोडलेल्या पाच छिद्रांपैकी चार मोकळी राहतात, आणि जागा खरी वाचते ती इथेच, म्हणून रेझिस्टरचे (प्रवाहाला रोध करणाऱ्या भागाचे) टोक वेगळी तार न वापरता थेट त्याच ओळीत घालावे. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) आयसीच्या १ व ८ क्रमांकांच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पायांलगतच हवा; त्यात तडजोड नको. २ व ६ क्रमांकांच्या पायांना जोडणारी तार आयसीवरून न नेता बाजूने वळवावी, म्हणजे आयसी बदलताना ती काढावी लागत नाही.