शिडाच्या बोटीसाठी हातातला सर्चलाइट घेताना

खोक्यावरचा ल्युमेनचा मोठा आकडा पाहून भुलू नका. ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाश. तो किती लांब पोचेल हे कँडेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेवर ठरतं. 40,000 कँडेलाचा झोत कागदोपत्री 400 मीटर जातो, पण तिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उरतो. दिवा नसलेला बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) शोधायचा तर निम्मंच अंतर धरा.

झोत अरुंद हवा, कडेला सांडणारा उजेड कमीत कमी. माझा पहिला दिवा पसरट होता. रात्री पुढे मारला आणि पांढरं शीड, रेलिंग असं लख्ख उजळलं, की पाण्यावरचं काहीच दिसेना. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं लागतात; तोवर सुकाणूवरचा माणूस जवळजवळ आंधळाच. म्हणून शिडाच्या पुढे जाऊन, हात बाहेर काढूनच मारा.

पाण्यापासून बचावाचा आयपीएक्स7 हा दर्जा हवाच, म्हणजे दिवा 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं तग धरतो. तरंगणारा मिळाला तर फारच छान. बटण ओल्या हातमोज्यांनी दाबून पाहा. होकायंत्राजवळ धरून सुई हलते का तेही बघा, काहींच्या बुडाशी चुंबक असतं. आणि दुसऱ्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, झोत कधीही मारू नका.