वाचकांचे प्रश्न : ड्रोनवरच्या रडारचं चित्र फराटतं, ते का?

प्रश्न : ड्रोनला ५.८ गिगाहर्ट्झचं एफएमसीडब्ल्यू (वारंवारता बदलत सतत लहर सोडणारं) रडार लावून सिंथेटिक अ‍ॅपर्चर पद्धतीने, म्हणजे उड्डाणभराची मोजमापं जोडून जणू एकच लांब अँटेना बनवून, शिवाराचं चित्र काढतो. जीपीएसच्या नोंदी वापरून बॅकप्रोजेक्शन करतो (प्रत्येक मोजमाप ड्रोनच्या त्या वेळच्या जागेनुसार चित्रावर मांडून बेरीज करतो), तरी विजेचे खांब उड्डाणाच्या दिशेने फराटलेले दिसतात. अँटेना बदलू का?

उत्तर : अँटेनाला इतक्यात हात लावू नका. फराटे उड्डाणाच्या दिशेने आहेत, म्हणजे संशय आधी जागेच्या नोंदीवर घ्यायचा. तुमची तरंगलांबी सुमारे ५.२ सेंमी. लहर जाऊन परत येते, त्यामुळे ड्रोन खांबाकडे साडेसहा मिमी जरी जास्त सरकला आणि नोंदीत ते आलं नाही, तर फेज (लहरीचा चक्रातला टप्पा) ९० अंशांनी चुकतो. पूर्ण उड्डाणभर चूक तेवढीच राहिली तर चित्र फक्त बाजूला सरकतं. चूक बदलत गेली की फराटतं. आरटीके (जास्त अचूक जीपीएस) लावलंत तरी एक-दोन सेंमीचा फरक उरतोच, म्हणून ऑटोफोकस (चित्रावरूनच फेजची चूक ओळखून दुरुस्त करणं) टळत नाही.

पण ऑटोफोकसकडे शेवटी वळा. आधी घड्याळं जुळवा: ताशी १८ किमी वेगाला २० मिलिसेकंदांचा फरक म्हणजे १० सेंमी. जीपीएसचा दर सेकंदाचा पल्स रडारच्या डेटासोबतच नोंदवा. मग जीपीएस अँटेनापासून रडार अँटेनापर्यंतचं अंतर टेपने मोजून गणितात घाला. हे बहुतेक जण विसरतात. अंतर २५ सेंमी असेल आणि वाऱ्याने ड्रोन ५ अंश कलला, तर दोन सेंमी तिथेच गेले. याच वेगाला सेकंदाला निदान ४०० स्वीप (रडारची एकेक मोजणी) हवेत. कमी पडले तर एकाच खांबाच्या खोट्या प्रतिमा उमटतात.

तपासणीसाठी ३० सेंमी काटकोनी बाजूंचे अ‍ॅल्युमिनियमचे तीन त्रिकोणी पत्रे एकमेकांना काटकोनात जोडून मोकळ्या रानात ठेवा. हा कोपरा रडारला सुमारे १३ चौरस मीटरचा दिसतो. तो ठिपका नेटका आला तरच पुढे जा. कोन गुण्यात नसेल तर मात्र तो फिका पडतो.

प्रश्न : जास्त लांब उडवलं तर एक मीटरपेक्षा बारीक दिसेल का?

उत्तर : उड्डाणाच्या दिशेने, हो. ३०० मीटरवरच्या वस्तूसाठी ३० मीटरची फेरी पाव मीटरपर्यंत नेते. रडारपासूनच्या अंतराच्या दिशेने मात्र सगळं बँडविड्थवर (लहरीची वारंवारता किती पट्ट्यात फिरते त्यावर): १५० मेगाहर्ट्झला एक मीटर, ३०० ला अर्धा. ड्रोनचा व्हिडिओही ५.८ गिगाहर्ट्झवर असेल तर रडारशी गोंधळ होऊ नये म्हणून तो आधी २.४ वर न्या.

प्रश्न : पुरात उसात शिरलेलं पाणी यात दिसेल?

उत्तर : उघडं, संथ पाणी काळं दिसतं, कारण तिरपी आलेली लहर ते आरशासारखी पलीकडे फेकतं. वाढलेल्या दाट उसात मात्र पाच सेंमीची लहर पाल्यातच अडकते, खालचं पाणी तिला कळत नाही. त्यासाठी २०-२५ सेंमीची एल-बँड लहर बरी. पाणी आणि उभ्या दांड्यांवरून दोनदा उसळून ती परत येते, त्यामुळे पाणी शिरलेला फड उलट उजळ दिसतो. पण या लहरीचा अँटेना मोठा, आणि छोट्या ड्रोनला तो पेलत नाही. पाचसहा सेंमीच्या लहरीवर उसाचा फड कोरडा दिसला, म्हणून तो कोरडा आहे असं धरू नका.