प्रेमकथा नको, पण पुस्तकात कुठेतरी प्रेम असावं. अलीकडे असं काय वाचलंत?

तुम्ही विचारलंय की नुसत्या प्रेमकथा नकोत. रहस्य, इतिहास, आत्मचरित्र, काहीही चालेल, फक्त त्यात प्रेमाचा थोडा शिडकावा हवा.

माझं वाचन लोकलमधलं. अंबरनाथ ते सीएसएमटी, जाताना बहुतेक उभ्यानं आणि येताना बसून. त्यामुळे सकाळी एका हातात मावेल असं बारकं पुस्तक आणि संध्याकाळी जाडजूड, अशी दोन पुस्तकं कायम चालू असतात. ग्रुपमधल्या बाकीच्या भाजी निवडतात, मी पानं उलटते. गेल्या सहा-सात महिन्यांत वाचलेल्यांपैकी सांगते. पुस्तकं सगळी नवी नाहीत, माझी वाचून आत्ता झाली एवढंच.

पहिलं 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची ही एकुलती एक कादंबरी, १९३९ची. कॉलेजात परीक्षेपुरती वाचली होती, म्हणजे न वाचल्यातच जमा. युरोपातून निघालेली बोट, युद्ध तोंडावर आलेलं, आणि बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू. त्यातली हॅर्टा आणि आपल्याकडे परत निघालेला चक्रधर यांचं बोटीवर जमतं. आधीच्या एका प्रेमात पोळल्यामुळे चक्रधरच्या मनात बायकांविषयी अढी आहे, आणि बेडेकर ती लपवत नाहीत. सुरुवातीला तर हा माणूस मला आवडलाच नाही. पण पुढे लक्षात येतं की या दोघांच्या आड त्यांचा स्वभाव येत नाहीये, कागद येताहेत. तो मुंबईला उतरणार, कारण त्याला देश आहे. तिला उतरता येणार नाही. त्या काळात व्हिसा नसताना ज्यूंना पाय ठेवता येईल असं शांघाय हे जवळजवळ एकच मोठं बंदर उरलं होतं, आणि अशा बोटी मुंबईवरूनच पुढे जात. म्हणजे मुंबई जवळ येईल तसा वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यायला लागतो. एरवी मुंबई जवळ आली की पुस्तक पिशवीत टाकायचं एवढंच मला माहीत. त्या दिवशी मशीद बंदर गेलं तरी माझं बोट पानातच.

आमच्या डब्यातल्या एका नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलीनं ते माझ्याकडून मागून नेलं. 'शेवट गोड आहे ना, काकू?' असं विचारलं होतं तिनं, मी 'वाच तू' म्हणून विषय बदलला. चार दिवसांनी पुस्तक परत देताना म्हणाली, 'आधी सांगायचं होतंत.' चूक माझीच. तुम्हाला आधीच सांगून ठेवते : रात्री झोपण्यापूर्वी संपवू नका.

तिची समजूत काढायला मग ब्योमकेश बक्षी दिला, मराठी अनुवादातला. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या या रहस्यकथा १९३०च्या दशकात सुरू झाल्या. आमच्या पिढीला ब्योमकेश म्हटलं की दूरदर्शनवरचा रजित कपूरच दिसतो, आणि त्यातली सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. 'अर्थमनर्थम्' या कथेत एका म्हाताऱ्याचा खून होतो, संशय सुकुमारवर येतो आणि त्याची बहीण सत्यवती भावासाठी धडपडते. ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. आता सत्य शोधत फिरणाऱ्याला सत्यवती भेटली की काय होणार ते उघड आहे, आणि लेखकानं ती कोटी सोडलेली नाही. प्रेमाच्या वाट्याला कथेत मोजून काही ओळी येतात. मला गंमत वाटली ती पुढची. लग्न झालं की गुप्तहेराची बायको पुस्तकातून गायब होते असा सर्वसाधारण अनुभव. इथे ती पुढच्या कथांमध्ये राहते, चहा पाठवते, भांडते, रुसते. ब्योमकेशचा मित्र अजित हे सगळं सांगतो आणि तोही त्यांच्याच घरात राहतो, त्यामुळे नवराबायकोच्या कुरबुरी आपल्याला शेजाऱ्याच्या कानांनी ऐकू येतात.

वाचनालयाच्या प्रतीत मात्र कुण्या सत्पुरुषानं एका कथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. वर बाण काढून. अशांना कुठल्या नरकात टाकतात ते शरदिंदुबाबूंनाच विचारायला हवं.

आता जाडजूड पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं आत्मचरित्र. हे मी 'प्रेम' या खात्यात टाकतेय म्हणून भुवया उंचावू नका. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, बुद्धिमान, मनानं राजा, आणि संसाराच्या दृष्टीनं शुद्ध आपत्ती. घरात दमडी नसताना हातातलं कुणालाही देऊन टाकणार, न सांगता निघून जाणार. १८९५ साली नारायण वामन टिळक बायकोला विश्वासात न घेता ख्रिस्ती झाले. कर्मठ ब्राह्मण घरातल्या बाईवर तेव्हा काय कोसळलं असेल! काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर ती मुलाला घेऊन नवऱ्याकडे आली, पण आपलं सोवळंओवळं घेऊन. म्हणजे नवरा पाहिजे, त्याचा धर्म नको. हळूहळू जातपात तिच्याच मनातून उतरत गेली आणि १९०० साली तिनंही बाप्तिस्मा घेतला, नवऱ्यानं ओढून नाही, स्वतःला पटल्यावर.

हे सगळं सांगताना बाई रडगाणं गात नाहीत. जिथे आपल्या डोळ्यांत पाणी यावं तिथे त्या स्वतःचीच फजिती अशी रंगवतात की मी कुर्ला ते ठाणे एकटीच हसत होते आणि समोरची बाई माझ्याकडे संशयानं बघत होती. नवऱ्यावरचा राग पानोपानी आहे. चुकूनही 'माझं यांच्यावर प्रेम होतं' असं वाक्य नाही. पण इतक्या बारकाईनं एखाद्या माणसाच्या खोडी लक्षात कोण ठेवतं? १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. सुरुवातीचे अध्याय त्यांचे, पुढचे साठाहून अधिक या बाईचे. शाळेचं तोंडही नीट न पाहिलेल्या बाईनं नवऱ्याचं काव्य पुढे लिहीत नेलं. यापुढे गुलाबाची फुलं कुणी कुणाला द्यायची!

(माझ्या नवऱ्यानं विचारलं, 'मी कुठल्या प्रकारात मोडतो?' म्हटलं, 'चालू हिशेबवहीत.')

ऐतिहासिक म्हणाल तर 'स्वामी' पुन्हा वाचायला घेतलं. रणजित देसाईंची १९६२ची कादंबरी, शाळेत असताना मी माधवराव-रमाबाईंवर जीव टाकला होता. या खेपेला जमलं नाही. भाषा अजून लोभस आहे, थेऊरचे शेवटचे दिवस अजून घशाशी येतात. माधवराव गेले १७७२ साली, वय सत्तावीस, क्षयानं. पण रमाबाईंचं सती जाणं ज्या तेजात न्हाऊन येतं, तिथे मी अडखळले. थेऊरला नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे, मागे सहलीला गेलो तेव्हा पाहिलंय. तिथे उभं राहिल्यावर मला तरी प्रेम आठवलं नाही, तिचं वय आठवलं. तुम्ही पहिल्यांदा वाचणार असाल तर जरूर वाचा, माझ्या कुरकुरीकडे लक्ष देऊ नका.

मिलिंद बोकिलांचं 'शाळा' बहुतेकांनी वाचलेलं असतं म्हणून थोडक्यात उरकते. आणीबाणीतलं नववीचं वर्ष, आणि जोशीला आवडणारी मुलगी अख्ख्या पुस्तकात 'शिरोडकर'. आडनावानं! त्या वयात पहिलं नाव तोंडातून काढणंसुद्धा केवढं धाडस असतं ते आठवलं.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'नं (२००६). पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक तरुण, आणि घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघंही त्याच्याच प्रेमात. पाहुण्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. पहिला भाग भाऊ सांगतो, दुसरा बहीण. तो तरुण अनुजाबरोबर निघून जातो, मग तिलाही सोडतो, आणि ती परत आल्यावर सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. तनयचंही तेच माणूस गेलेलं असतं, पण त्याला कुणी जेवलास का म्हणूनही विचारत नाही, कारण कुणाला ठाऊकच नाही. म्हटलं तर ही कौटुंबिक कादंबरी. प्रेम यात शिडकाव्यापेक्षा जास्त आहे, तुमच्या अटीत बसत नाही, तरी यादीतून काढवलं नाही.

आणि एवढं नाहीच झेपलं तर 'बनगरवाडी' घ्या, बारकं आहे. त्यात शेकूची बायको नांगराला बैलाच्या जोडीनं स्वतः जुंपून घेते. व्यंकटेश माडगूळकर त्यावर एक शब्दही जास्तीचा खर्च करत नाहीत.

सध्या चालू आहे 'कुसुमानिल'. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांची १९२०च्या दशकातली, लग्नाआधीची पत्रं. कुमार गंधर्वांनी गायलेलं 'अजुनी रुसून आहे' ज्यांचं, ते हे अनिल. पुढे दोघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते १९५८ला मालवणला, त्या १९६१ला ग्वाल्हेरला. पत्रं लिहिताना मात्र ती दोन कॉलेजातली पोरं आहेत. एका पत्राचं उत्तर यायला लागणारे दिवस आपल्यालाही काढावे लागतात, म्हणून मी रोज दोनच पत्रं वाचते, एक जाताना आणि एक येताना. पुस्तक परत करायची तारीख उलटून नऊ दिवस झाले. दंड रोजचा दोन रुपये आहे, भरतेय.