पीपीपी करायचं खरं, पण आपल्या शहराला झेपेल का?

प्रश्न: आमच्या नगरपालिकेत पाणीपुरवठा पीपीपीवर, म्हणजे खाजगी कंपनीशी भागीदारी करून, चालवायला द्यायची चर्चा चाललीय. अर्धे म्हणतात कंपनी आली की चोवीस तास पाणी, अर्धे म्हणतात गाव विकलं. आपलं शहर यासाठी तयार आहे का हे आधी कळतं का हो?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर: बऱ्यापैकी कळतं. पण सगळे कंपनी कोणती येणार हेच विचारतात, नगरपालिकेकडे कोणी बघत नाही. आधी पाणीपुरवठा विभागात जाऊन विचारा, टाकीतून रोज किती पाणी सुटतं आणि त्यातल्या किती पाण्याचे पैसे येतात? मीटर बंद, बेकायदा नळ किती ते माहीत नाही असं उत्तर आलं तर उद्या कंपनी सांगेल तो आकडा मान्य करावा लागणार.

नागपूरने आधी धरमपेठेत पायलट करून बघितला, मग 2012 पासून अख्ख्या शहराचा पुरवठा 25 वर्षांसाठी खाजगी ऑपरेटरकडे दिला, पण मालकी आणि दर ठरवायचा अधिकार मनपाने स्वतःकडेच ठेवला. तरी सगळीकडे चोवीस तास पाणी आलंय असं अजिबात नाही, तक्रारी आहेतच, पण करार टिकला. उलट तेव्हाच्या औरंगाबादला समांतर जलवाहिनीसाठी कंपनीने 2014 मध्ये पुरवठा हातात घेतला आणि 2016 मध्ये मनपाने करारच रद्द केला, दोनच वर्षांत!

दुसरं म्हणजे पैसे द्यायला लोक तयार आहेत का. कोल्हापुरात सुमारे 220 कोटींचे 49 किलोमीटर रस्ते बीओटीवर, म्हणजे कंपनीने बांधायचे आणि टोलमधून पैसे वसूल करायचे या बोलीवर झाले, 30 वर्षं टोल भरायचा होता. गावाच्या वेशीवरच नाके लागल्यावर कोल्हापूरकर गप्प बसतात होय? आंदोलन पेटलं, टोल गेला आणि कंपनीचे पैसे शेवटी सरकारला भागवावे लागले, म्हणजे आपल्याच खिशातून.

पाण्याच्या प्रकल्पाला व्हीजीएफ, म्हणजे अशा प्रकल्पातली पैशाची तूट भरून काढणाऱ्या सरकारी योजनेतून केंद्राकडून खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत आणि राज्याकडून तेवढेच मिळू शकतात, पण त्यात चालवायचा खर्च वसुलीतून पूर्ण निघाला पाहिजे अशी अट आहे. तुमच्याकडे पाणीपट्टी शेवटची कधी वाढली? निवडणुकीच्या भीतीने दहा-दहा वर्षं दर तसेच ठेवणाऱ्या गावाने या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी मीटर बसवा, वसुली सुधारा.

आणि मसुदा सभेत आला की दर कोण वाढवणार, करार मोडला तर कोण कोणाला किती देणार आणि कंपनीचं काम तपासायला पालिकेकडे इंजिनिअर किती, हे तुमच्या नगरसेवकाला उभं राहून विचारायला लावा.