मातीचा ड्रेनेज पाइप फुटलाय, सगळी लाइन बदलायची का?

प्रश्न : नौपाड्यात आमचं जुनं बैठं घर आहे. अंगणातला ४ इंची मातीचा पाइप हातभर फुटलाय. कमी खर्चात काय करता येईल?

उत्तर : दोन्ही बाजूंचा पाइप शाबूत असेल, तर फुटका तुकडाच बदला. छिन्नी-हातोडा मात्र लावू नका. हादऱ्याने पुढचे जुने सांधे सुटतात. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून तडा संपतो त्याच्या ३-४ इंच पुढे सरळ काप घ्या.

मधे ११० मि.मी.चा, जमिनीत टाकायचा पीव्हीसी पाइप बसवा. मातीचा पाइप बाहेरून त्याहून जाड असतो, म्हणून दोऱ्याने त्याचा घेर मोजून ३.१४ने भागा. दोन्ही सांध्यांसाठी एका बाजूला त्या मापाचं आणि दुसऱ्या बाजूला ११० मि.मी.चं, स्टील क्लॅम्पवालं रबर कपलिंग (दोन पाइप जोडणारी रबरी बाही) घ्या. पैसे वाचवायला कपलिंगऐवजी सिमेंटने सांधा भरू नका! गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही, सांधा वर्षभरात पाझरतो आणि आंबा-नारळाची मुळं आत शिरतात.

खाली ४ इंच रेती, उतार मीटरला २५ मि.मी. बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून पाणी भरा, अर्धा तास पातळी बघा. काम पावसाळ्याआधी उरका. चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, आतला वायू जीवघेणा असतो.