लाल ठिपक्याचा चमचा

पर्समधून त्यांनी आधी रिपोर्ट काढला आणि मग एक चमचा. चमच्याच्या दांड्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

"हा माझा. घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय, याला कुणी हात लावायचा नाही."

सुधाताईंचं (नाव अर्थातच बदललंय) वय 41. थोरल्या भावाला आदल्या वर्षी, 47व्या वर्षी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, मग केमो. त्याच्या उशाशी बसून रात्री मोबाइलवर वाचताना त्यांना कळलं की या कॅन्सरमागे पोटातले जिवाणूही असू शकतात. एका खासगी लॅबकडे त्यांनी शौचाचा नमुना पाठवला. रिपोर्टात 'फ्युसोबॅक्टेरियम' या नावापुढे लाल पट्टी आली. त्या दिवसापासून चमचा वेगळा, पेला वेगळा आणि सात वर्षांच्या मुलाची पापी घेणं बंद.

"मॅडम, मला कॅन्सर होणार हे ठरलंच ना? आणि मी तो मुलाला देतेय का?"

पहिल्या भेटीत मी चूक केली. भरभरून माहिती दिली. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात त्या आणखी दहा पानं प्रिंट करून घेऊन आल्या. घाबरलेल्या माणसाला माहिती दिली की ते त्यातली भीतीच तेवढी वेचून घेतं, हे इतक्या वर्षांनंतरही मी विसरते. दुसऱ्या वेळी मी त्यांनाच वाचायला सांगितलं, आणि एकेका वाक्यापाशी आम्ही थांबलो.

फ्युसोबॅक्टेरियम हा मुळात तोंडातला रहिवासी. दातांवरच्या किटणात, हिरड्यांच्या कडेला राहतो. 2012 साली दोन वेगवेगळ्या गटांना तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत, शेजारच्या निरोगी भागापेक्षा जास्त प्रमाणात सापडला. 2017 मध्ये तर यकृतात पसरलेल्या गाठींतही तो पेशींबरोबर गेलेला दिसला.

"मग बघा!" सुधाताई म्हणाल्या.

बघूच. गाठीमुळे जिवाणू आले की जिवाणूंमुळे गाठ आली, हा पहिला प्रश्न. तो नुसता आयता येऊन बसलेला पाहुणा नाही, एवढं प्रयोगांतून दिसलंय. आपल्या एका प्रथिनाच्या जोरावर तो पेशीला चिकटतो आणि तिच्या वाढीला चिथावणी देतो. पण 2024 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. गाठींत ठाण मांडणारा प्रामुख्याने त्याचा एकच उपप्रकार आहे, आणि तोही तपासलेल्या गाठींपैकी साधारण निम्म्यांतच होता. त्यांच्या रिपोर्टात उपप्रकाराचं नावच नव्हतं. मी त्या लाल पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "यातला कोणता, हे यात कुठे लिहिलंय?" त्यांनी पान उलटून पाहिलं. मागे प्रोबायोटिकची जाहिरात होती.

खरा घाव मात्र दुसऱ्या कागदाने घातला होता. ई. कोलाय या जिवाणूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. ते पेशीच्या डीएनएला इजा करतं आणि मागे आपला विशिष्ट ठसा ठेवतं. 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत हा ठसा सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा 3.3 पट जास्त आढळला. हे घाव बहुधा लहानपणीच, पहिल्या दहा वर्षांत बसतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. "पहिली दहा वर्षं" या शब्दांखाली सुधाताईंनी पेनाने इतक्या जोरात रेघ मारली होती की कागद फाटला होता. मुलगा सात वर्षांचा. चमच्याचं मूळ इथे होतं.

मी त्यांना सरळच सांगितलं. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. असे ई. कोलाय कितीतरी धडधाकट माणसांच्या पोटात असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. शिवाय बाळाला आईचे जिवाणू जन्मापासूनच मिळू लागतात. सात वर्षं एका घरात काढल्यावर आता चमचा वेगळा करून काय अडणार? बंद झालीय ती फक्त पापी.

त्या रडल्या. मी रडू दिलं.

मग अँटिबायोटिकचा विषय निघाला. एका औषधाने गाठीची वाढ मंदावली, असं त्यांनी वाचलं होतं. ते खरं आहे, पण तो प्रयोग फ्युसोबॅक्टेरियम असलेली माणसाची गाठ रुजवलेल्या उंदरांवरचा होता. माणसांत दीर्घकाळ अँटिबायोटिक घेणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणारे छोटे कोंब, जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. स्वतःच्या मनाने कोर्स करणं म्हणजे शेतात एक तण दिसलं म्हणून अख्ख्या शेताला आग लावणं. चोथायुक्त खाणं मात्र खरंच कामाचं. आतड्यातले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. प्रक्रिया केलेलं मांस, दारू आणि तंबाखू यांनी धोका वाढतो, याबद्दल तर वाद उरलेलाच नाही.

एवढं झाल्यावर मी विचारलं, "भावाचं निदान झाल्यावर तुमची कोलोनोस्कोपी झाली?"

त्यांनी रिपोर्टची घडी घातली. परत उघडली. परत घातली.

जिवाणूंची तपासणी दोनदा आणि दुर्बिणीची एकदाही नाही! जवळच्या नातेवाइकाला हा कॅन्सर झाला असेल तर वयाच्या चाळिशीला, किंवा त्याच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. भावाचं वय 47, म्हणजे सुधाताईंसाठी 37. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारणपणे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तो मधल्या काळात सापडला तर तिथल्या तिथे काढता येतो. जिवाणूंच्या रिपोर्टवरून पॉलिप आहे की नाही हे सांगता येत नाही.

"भीती वाटते, मॅडम. रिपोर्टाशी भांडता तरी येतं."

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

तारीख ठरायला तीन आठवडे गेले. आदल्या रात्री आतडं साफ करायचं ते औषध पिताना त्यांनी मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तक्रार चवीची होती, कॅन्सरची नव्हती. एक पॉलिप निघाला, सहा मिलिमीटरचा. काढला. तपासणीत साधा ॲडेनोमा, म्हणजे अजून कॅन्सर न झालेला पॉलिप ठरला, आणि डॉक्टरांनी पुढच्या कोलोनोस्कोपीचं वर्ष लिहून दिलं.

"हा त्या जिवाणूंमुळे झाला असेल का?" त्यांनी विचारलंच.

एकेका पॉलिपबद्दल असं कुणालाच सांगता येत नाही, मी म्हटलं. मग त्यांच्या धाकट्या बहिणीचं वय विचारलं. 38. "तिला कोण सांगणार?"

सुधाताईंनी तिथेच, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून, फोन लावला.