मुलगा दोन वर्षं ड्रम्स शिकतोय, क्लासवाले स्टुडिओत गाणं रेकॉर्ड करायचे वेगळे पैसे मागतायत. द्यावेत का, की त्यात घरी इलेक्ट्रॉनिक किट घ्यावं?

द्या. पण त्याआधी क्लासवाल्यांना एवढंच विचारा की रेकॉर्डिंग झाल्यावर मुलाच्या हातात काय देणार. नुसता मिक्स केलेला व्हिडिओ देणार असतील तर नका देऊ, त्या पैशात सगळे मिळून बाहेर जेवून या. कच्चे ट्रॅक देणार असतील, म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वेगळी, स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम) वेगळा, ओव्हरहेड (वरून लावलेले माइक) वेगळे, कुणी हात न लावलेले, तर डोळे झाकून द्या.

एवढं ठासून सांगतोय कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या पार्टनरचं फाटलं. ठाण्यात आम्ही मिळून क्लास चालवायचो, दोघंही ऑर्केस्ट्रातून आलेलो, तो ऑक्टोपॅडवर आणि मी ड्रम्सवर. मुलांना स्टुडिओत न्यायची कल्पना त्याचीच होती, ते श्रेय त्याचं त्याला.

पहिल्या बॅचमध्ये नववीतली एक मुलगी होती. हात असला तयार की तिचा सिंगल स्ट्रोक (उजवा-डावा आलटून पालटून) सुरू झाला की बाकीच्या मुलांचे पालक फोन काढायचे. ग्रेडच्या परीक्षाही पटापट देत होती. आता ट्रिनिटी काय, रॉकस्कूल काय, मी त्या परीक्षांच्या विरोधात नाही, पण तिथे तुम्ही बॅकिंग ट्रॅकवर वाजवता, बेस गिटार कीबोर्ड सगळं कानात भरलेलं असतं, आणि त्या गर्दीत आपला ठोका किंचित पुढे पडला तर परीक्षकाला कळेल, आपल्याला स्वतःला कळत नाही.

स्टुडिओत पहिला टेक झाला, काचेपलीकडे सगळे खूश. पोरगी बाहेर आली आणि इंजिनिअरने बाकी सगळं बंद करून फक्त किक आणि स्नेअर लावले. अंतऱ्यापर्यंत ठीक. फिल, म्हणजे ठेका सोडून मध्ये वाजवायचा तुकडा, आली की गाडी सुटली. फिल संपून समेवर क्रॅश (मोठी झांज) आणि किक एकदम पडायला पाहिजेत, तिथे प्रत्येक वेळी ध-डप, ध-डप. गाणं १०० बीपीएमचं होतं, मिनिटाला १०० बीट, म्हणजे एक बीट ६०० मिलिसेकंदांची आणि सोळावा, बीटचा चौथा भाग, १५० चा. त्यात हात ३० मिलिसेकंद आधी आणि पाय आपल्या जागी असला की एक ठोका फुटून दोन झालेले ऐकू येतात. क्लासच्या खोलीत क्रॅशच्या आवाजात हे बुडून जातं, चार भिंतीत कुणाला पत्ता लागत नाही.

मग त्याने स्नेअर एकटा लावला तर त्यात स्नेअर कमी आणि हाय-हॅटच (झांजांची जोडी) जास्त. तिने विचारलं, "हाय-हॅट कोण एवढं बडवतंय?" मी म्हटलं, बाई, तूच. स्नेअरचा माइक हाय-हॅटपासून वीतभर लांब असतो, त्यात हॅट येणारच, त्याला ब्लीड म्हणतात. तुम्ही हॅट जोरात आणि स्नेअर हळू वाजवलात तर इंजिनिअर बिचारा काय करणार, स्नेअर वर केला की हॅटही त्याच्यासोबत वर येतं, आणि कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून लहान वर आणणारं साधन) लावला की आणखीनच. घोस्ट नोट्स, म्हणजे मधले अगदी हलके ठोके, तर गेल्याच. चारही हातापायांचा आवाज एकमेकांत किती असावा हे कुणाच्या शिकवण्याने कानात शिरत नाही हो, मी वर्षानुवर्षं "हॅट हळू, हॅट हळू" ओरडलोय. त्या दिवशी तिला मी न बोलता कळलं.

आणि इथे इंजिनिअर म्हणाला, सगळे ठोके कॉम्प्युटरमध्ये ग्रिडवर, म्हणजे बरोब्बर लयीत, बसवून देतो, दहा मिनिटांचं काम आहे, स्नेअरवर सॅम्पलही, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला ठोका, टाकतो. पार्टनर म्हणाला बसव, स्टुडिओची भाड्याने घेतलेली शिफ्ट संपत आलीय, आईवडील खाली चहा घेतायत. मी म्हटलं नाही. तिथेच जुंपली. त्याचं म्हणणं, सगळी इंडस्ट्री हेच करते. करते ना, मी कुठे नाही म्हणतोय, पण इंडस्ट्रीतल्या ड्रमरला वाजवायचे पैसे मिळतात, ही पोरगी शिकायचे पैसे देतेय. तिची चूक दुरुस्त करून तिलाच परत विकायची, हा कुठला क्लास? लेस्ली गोडिन्हो, फ्रँको वाझ यांच्यासारखे ड्रमर हिंदी सिनेमात वाजवत होते तेव्हा आख्खा ऑर्केस्ट्रा आणि गायक एकदम रेकॉर्ड व्हायचे, शेवटच्या ओळीत कुणी चुकला तर सगळ्यांना पहिल्यापासून. तेव्हा कुठलं ग्रिड? हे त्यालाही माहीत होतं, आम्ही दोघं त्याच गाण्यांवर पोट भरत होतो.

शेवटी कच्चे ट्रॅक घेऊन ती घरी गेली. वडील चिडले, "पैसे भरून चुका घरी आणायच्या का?" मी हो म्हटलं, त्यांना आवडलं नाही. पण पुढचे कित्येक आठवडे तिने रोल-बिल बाजूला ठेवले आणि एकच केलं, तीन बार साधा ठेका, चौथ्यात फिल, परत ठेका, मेट्रोनोम (लयीसाठी क्लिक वाजवणारं यंत्र) ६० वर. साठवर बसून बघा, दोन क्लिकच्या मधली जागा खायला उठते. त्यानंतर परत रेकॉर्ड केलं तेव्हा तिने निम्म्या फिल स्वतःहून काढून टाकल्या होत्या. मला तेवढं पुरलं. पार्टनरच्या पुढच्या बॅचचे व्हिडिओ चकाचक आले आणि ॲडमिशनही त्यालाच जास्त मिळाल्या, हेही खरं आहे. तोवर आम्ही वेगळे झालो होतो.

आता तुमचं किट. टायमिंगसाठी इलेक्ट्रॉनिक किट उत्तम, कॉम्प्युटरला जोडलं की कुठला ठोका किती मागेपुढे पडला ते स्क्रीनवर दिसतं, ठोक्याचा जोरही १ ते १२७ आकड्यांत दिसतो. पण तिथे हॅट जास्त वाटलं तर मॉड्यूलवर (किटच्या आवाजाच्या पेटीवर) बटण फिरवून कमी करता येतं, हात सुधारायची गरजच पडत नाही. ब्लीड नाही तिथे बॅलन्सची शिक्षा नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर मात्र दुसरा इलाज नाही, आणि खालच्या मजल्यावर किकचा धप्पा तरीही जातो, त्यासाठी खाली जाड मॅट टाका.

हे आधीच लिहायला हवं होतं, पण आख्खं गाणं क्लिकवर न थांबता वाजत नसेल तर आत्ता स्टुडिओ नको. आधी फोन पलीकडच्या खोलीत ठेवून रेकॉर्ड करा, जवळ ठेवलात तर सगळं फाटून येतं. गाणं हळू लयीचं आणि साधं घ्या, क्लासवाले मुद्दाम भपकेबाज निवडतात. जाण्याआधी पेडलच्या स्प्रिंगला तेल द्या, चूं चूं आवाज हळू गाण्यात स्पष्ट येतो. क्लिक हेडफोनमध्ये भसाभसा वाढवू देऊ नका, कानाला वाईट आणि माइकमध्येही येतो.

रेटचं म्हणाल तर ते स्टुडिओगणिक बदलतं, त्यावर मी काय सांगू. फक्त ड्रम्सना माइक लावण्यात आणि स्किन ट्यून करण्यात जाणारा वेळ तुमच्या शिफ्टमध्ये धरतात का, ते आधी विचारून घ्या.